डेबऱ्याचे रोडगे

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुणाला साधी चापटसुद्धा मारलेली नाही, आणि तरीही मुष्टियुद्धातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, पुढे होईल असंही मला वाटत नाही. जिल्ह्यात असं मी जपून म्हणतो. मामाजी स्वतः 'जगात' म्हणतात, पण जगाचा मला अनुभव नाही. कापसाचे भाव, पाऊसपाणी, निवडणूक, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं, अशा विषयांवर चार माणसं जिवाच्या आकांतानं बोलत असली की हा माणूस मध्येच हात वर करतो आणि विचारतो, "थे सगळं ठीक हाये, पण मले एक सांगा, फेदरवेटमधी सगळ्यात कसबी कोण?" मग एकाला अचानक दळण आणायचं आठवतं, दुसऱ्याचा फोन न वाजताच वाजतो, आणि तिसरा, जो बेसावध राहिलेला असतो, तो रात्रीच्या जेवणापर्यंत सुटत नाही. मी जावई असल्यामुळे कायमचा तिसरा आहे.

फेदरवेट म्हणजे साधारण सत्तावन्न किलोच्या आतले मुष्टियोद्धे. त्याच्या वरच्या वजनांत मामाजींना काडीचा रस नाही. "दोन भिंती एकमेकीवर पडल्या, त्यात कसब कोणाचं?" असं म्हणून ते जगातले सगळे धिप्पाड पहिलवान निकालात काढतात. योगायोग असा, की मामाजींचं स्वतःचं वजनही सत्तावन्न किलोच आहे, आणि तो योगायोग टिकवण्यासाठी ते अपार कष्ट घेतात. दर शनिवारी सकाळी दाण्याच्या दुकानात जाऊन, तुरीचं पोतं खाली उतरवून, ते स्वतः काट्यावर चढतात. काटा अर्धा किलो जरी पुढे गेला तरी घरी येऊन मामीजींना सांगतात, "आज पोळी नोको. मी गटाच्या बाहेर जाऊन राह्यलो." एकदा अक्षयतृतीयेला मामीजींनी आग्रहानं दुसरी पुरणपोळी वाढली तर ते ताटावरून उठले आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागले. शेजारणीला वाटलं, पोळीत काही निघालं. मामीजी शांतपणे म्हणाल्या, "काई नाई निघालं बाई, ह्यांची कुस्ती हाये." मामीजींना गेल्या चाळीस वर्षांत कुस्ती आणि बॉक्सिंग यांतला फरक समजावून सांगण्यात मामाजींना यश आलेलं नाही. माझा संशय आहे की त्यांना तो केव्हाच समजला आहे.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या मामांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. बराच वेळ माझ्या खांद्यांकडे आणि पोटाकडे आळीपाळीनं बघून त्यांनी वजन विचारलं. मी लाजत सांगितलं. ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "वेल्टरवेट हाये, दोन गट वरचा. चालते." आतून हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्याशी माझं लग्न झालं.

मामाजींचं बसस्टँडकडून त्यांच्या मोहल्ल्यात येणाऱ्या रस्त्यावर चष्म्यांचं दुकान आहे. दुकानात समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, बाजूच्या भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत कुठली ना कुठली जुनी लढत चालू. लोक डोळे तपासायला येतात आणि मामाजी त्यांना तक्त्यावरून सुरुवात करून हळूच टीव्हीवर घेऊन जातात. "थो निळ्या चड्डीवाला दिसून राह्यला? मंग त्यानं आत्ता काय मारलं? नाई दिसलं? पुन्हा दावतो. डेबरा हात हलला, तुमचं ध्यान उजव्याकडे." अर्ध्या सेकंदाचा तो ठोसा कुणालाच दिसत नाही, डोळे शाबूत असलेल्यालाही नाही. पण मामाजी खिन्न होऊन म्हणतात, "नंबर वाढला तुमचा." गावात कित्येक माणसं केवळ एका परदेशी माणसाचा डावा हात न दिसल्यामुळे आपली नजर गेली असं समजून हबकून घरी गेलेली आहेत. नंतर मात्र मामाजी त्यांना तक्त्यावरच्या हिशेबानंच चष्मा देतात. धंद्यात ते फार सचोटीचे आहेत.

रस्त्यानं चालतानाही ते चालत नाहीत, पायांचं काम करतात. यवतमाळच्या चौकात तीन दिशांनी ऑटो, मधून दुचाकी आणि एक निवांत गाय अशी परिस्थिती असते तेव्हा आपण जीव मुठीत धरतो. मामाजींचा चेहरा उजळतो. "मांगं नाई सरायचं, जवाई. मांगं सरला थो मेला. बाजूले सरायचं, जराकसं, त्याले वाटलं पाह्यजे का लागलाच होता." असं म्हणून ते इतके जराकसे सरतात की ऑटोचा आरसा त्यांच्या बुशशर्टाच्या खिशाला चाटून जातो. एका साक्षगंधात, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्यात, नवऱ्या मुलाच्या काकांनी भाबडेपणानं "खांदा फिरवून ठोसा घालवतात म्हणजे काय हो?" असं विचारलं. मामाजींनी करून दाखवलं. मागून मुलीची आत्या कुंकवाचं ताट घेऊन येत होती. पुढचं सगळं फोटोत आहे. त्या अल्बममध्ये नवरामुलगा, नवरीमुलगी आणि लालभडक काका असे तिघं बसलेले आहेत, आणि काकांच्या चेहऱ्यावर ठोसा घालवणं म्हणजे काय ते पुरेपूर समजल्याचा भाव आहे.

आता हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो डेबऱ्या. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात. मामाजींचं दैवत म्हणजे पूर्व युरोपातला कुठलासा एक डावखुरा फेदरवेट, आता निवृत्त झालेला. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. मामाजी ते ज्या पद्धतीनं उच्चारतात ते छापलं तर त्याच्या आईवडिलांना वाईट वाटेल. या डेबऱ्याची थोरवी अशी, की त्याला कुणाचा ठोसा लागतच नाही. तो समोर उभा असतो, दिसतो, पण मारायला जावं तर नसतो. "मारणं कोणालेही येते," मामाजी सांगतात. "बैलही मारते. न लागू देनं, हे माणसाचं काम हाये." हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली येतो आणि डोळे पाणावतात. आपली सगळी हयात न भांडता, न ओरडता, जमेल तितकं बाजूला सरून काढलेल्या माणसाला आपल्यासारखाच एक जण जगज्जेता झालेला सापडला होता. मला हे समजायला बरीच वर्षं लागली.

'बैलही मारते' हा टोमणा मात्र सर्वसाधारण नव्हता. तो थेट डॉक्टरांना होता.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, निवृत्त. नोकरीचा बराच काळ ढाणकीकडे काढलेला, बाजारात उभे राहून नुसत्या चालीवरून बैलाचं दुखणं ओळखणारे. निवृत्तीनंतर ते यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला, मामाजींच्याच मोहल्ल्यात राहायला आले आणि एका सकाळी चष्मा करायला दुकानात शिरले. टीव्हीवर लढत चालू होती. बुटका, मानेला मान नसलेला एक मेक्सिकन पोरगा डोकं खाली घालून समोरच्याच्या बरगड्या फोडत होता. डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले, "वा! काय गोऱ्हा हाये!" मामाजींनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "याले तुम्ही कसबी म्हंता?" डॉक्टर म्हणाले, "म्हंतो ना. कायले नाई म्हनू?" दुपारी दोघांचे डबे एकत्र उघडले गेले तेव्हाही प्रश्न सुटलेला नव्हता, आणि डॉक्टर घरी गेले तेव्हा चष्म्याचा विषय निघालेलाच नव्हता. तो चष्मा पुढे पाच महिन्यांनी झाला.

त्या दिवसापासून त्या मेक्सिकनाचं नाव गोऱ्हा पडलं आणि डॉक्टरांची दुकानात एक खुर्ची ठरली. या वादाचं खास सौंदर्य असं, की तो मिटण्याची सोयच नव्हती. डेबऱ्या निवृत्त झाला तेव्हा गोऱ्हा शाळेत होता. दोघं कधी समोरासमोर आलेच नाहीत, येणारही नव्हते. त्यामुळे ती लढत रोज संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात, चहाच्या दोन ग्लासांच्या मध्ये व्हायची. मामाजी डेबऱ्याच्या वतीनं सरकायचे, डॉक्टर गोऱ्ह्याच्या वतीनं खुर्ची पुढे ओढायचे. "तुमचा डेबऱ्या पळते," डॉक्टर म्हणायचे. "मी अशे जनावरं बम पाह्यले, शेकड्यानं. सुईच लावू देत नाई. त्याले आपन कसबी नाई म्हनत, चुकार म्हंतो." मामाजी म्हणायचे, "अन् तुमचा गोऱ्हा चार खाते तवा एक देते. हा हिशेब कोनत्या बाजारात चालते डाक्टर?" गिऱ्हाईक मध्ये बसलेलं असायचं, एका डोळ्यावर पुठ्ठा धरून, आणि दोघांकडे एकाच डोळ्यानं बघायचं.

एका शनिवारी दोघं मारुतीच्या दर्शनाला गेले असताना वाद इतका चढला की मामाजींनी देवळातली घंटा वाजवून मोठ्यानं नवस बोलला, "मारुतीराया, ज्या दिवशी हा डाक्टर आपल्या तोंडानं म्हनन का डेबऱ्याच भारी, त्या शनवारी तुह्या दारात आख्ख्या मोहल्ल्याले रोडगे." डॉक्टरांनी लगेच घंटेला हात घातला आणि म्हणाले, "मारुतीराया, याचं गव्हाचं पीठ वाचव."

आमच्याकडे रोडग्याचा नवस म्हणजे गंमत नव्हे. शेतातल्या नाहीतर देवळाजवळच्या झाडाखाली गोवऱ्यांचा विस्तव करायचा, कणकेचे जाड रोडगे निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, आणि रोडगा कुस्करून त्यावर तूप. ज्यानं हे खाल्लं आहे त्याला डेबऱ्या आणि गोऱ्हा या दोघांपेक्षा रोडगा मोठा वाटणार. मोहल्ला एका रात्रीत मामाजींच्या बाजूचा झाला. डॉक्टर भाजी आणायला निघाले की लोक त्यांना अडवायचे, "डाक्टरसाहेब, होऊन जाऊ द्या ना आता. वांगे मस्त आले बजारात. तुमचं काय जाते म्हनायले?" डॉक्टर ताठ मानेनं सांगायचे, "जीव जाईन. शब्द नाई जानार." अशी वर्षांमागून वर्षं गेली, वांगी येत राहिली, आणि मारुती वाट पाहत राहिला.

मग अलीकडे डॉक्टर जास्तच तऱ्हेवाईक व्हायला लागले. त्यांनी स्कूटर विकली आणि "पायी चाललं का तब्येत चांगली राह्यते" असं सांगायला लागले. खुर्ची हळूहळू टीव्हीच्या इतकी जवळ नेली की मामाजी म्हणाले, "आता रिंगनातच उतरा." एकदा गोऱ्ह्याची लढत चालू होती. समोरच्यानं गोऱ्ह्याच्या हनुवटीवर असा सणसणीत ठेवून दिला की तो दोन पावलं मागे गेला, प्रेक्षक ओरडले, आणि डॉक्टर खुर्चीतून उडी मारून ओरडले, "वाह रे माह्या गोऱ्ह्या!" मामाजी ओरडले, "अहो, मार खाल्ला त्यानं!" डॉक्टर क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "मंग? मार खायलेही कसब लागते." या वाक्यावर मामाजी आठवडाभर जळत होते. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, मला फोन करून सांगत होते, मामीजींना झोपेतून उठवून सांगत होते. डॉक्टरांचा हा निव्वळ आडमुठेपणा आहे याबद्दल आमच्या कुणाच्याच मनात शंका नव्हती.

आणि एका संध्याकाळी ते घडलं. मी दुकानात होतो. मामाजी नेहमीप्रमाणे डेबऱ्याची एक जुनी लढत दाखवून, ठोसा कसा घालवला ते स्वतःच्या मानेनं समजावून सांगत होते. डॉक्टर चहाचा ग्लास हातात धरून बसले होते. ते एकदम म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. तुमचंच खरं. डेबऱ्याच भारी."

मामाजींची मान वाकडीच राहिली. दारात उभा असलेला किराणावाला तिथूनच "रोडगे!" असं ओरडत पळाला, आणि डॉक्टर काठी टेकत घरी पोचायच्या आत मोहल्ल्यात वांगी कुणी आणायची, गोवऱ्या कुणाकडच्या, यावर बैठक बसली होती. लोक मामाजींना मिठ्या मारत होते. इतक्या वर्षांनी जिंकलेला माणूस कसा दिसेल, याची मी कल्पना केली होती, तसे ते मुळीच दिसत नव्हते.

रात्री मामीजींचा फोन आला. "जवाईबापू, येऊन जा बरं. हे जेवून नाई राह्यले. अन् आज तर वजनही बरोबर हाये." मी गेलो. मामाजी बाजेवर बसले होते. म्हणाले, "थो हरला नाई, जवाई. हरनारा मानूस असा हरते काय? शिव्या देते, ग्लास आपटते, दोन दिवस येत नाई. यानं त अशी मान टाकली जसं... काईतरी बिघडलं त्याचं." बराच वेळ ते स्वतःशीच काहीतरी जुळवत बसले. स्कूटर. खुर्ची. वाह रे माह्या गोऱ्ह्या. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मामाजींनी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "डाक्टर, या जरा, नंबर पाहून टाकू." डॉक्टर तयारच होते. इतकी वर्षं त्या दुकानात बसून शेकडो लोकांनी मोठ्यानं वाचलेला तक्ता त्यांना पाठ होता. त्यांनी एका डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. कुठे अडखळले नाहीत. मग हसून म्हणाले, "झालं? पास?"

मामाजींनी सकाळीच तो तक्ता काढून ठेवला होता. त्याच्या जागी बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर टांगलं होतं, आणि त्यावर पोळ्याला सजवलेली, झुली घातलेली, भलीमोठी बैलजोडी होती.

जन्मभर बैल पाहिलेल्या माणसाला समोरचे दोन बैल दिसले नाहीत, हे मी त्या दुकानात उभा राहून पाहिलं. मामाजी स्टुलावर बसले. त्यांनी डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांवर बॅटरी धरली. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलेला होता. शेवटी म्हणाले, "कवापासून?" डॉक्टर म्हणाले, "लय दिवस झाले भाऊ. पब्लिक ओरडलं का मी ओरडतो. आता थेही जमून नाई राह्यलं. म्हनलं, कायले खोटं भांडावं? जिकू द्यावं तुमाले." मग हळूच म्हणाले, "ऑपरेशनचं म्हनू नोका. डोयात सुई घालतात थे. मी बैलाले घातल्या, मले मालूम हाये कसं वाटते." मामाजींना एकदम रडू आलं. "साऱ्या गावाचे डोये पाह्यले म्या," ते म्हणाले, "अन् याच्या डोयात पाह्यलंच नाई. दोघंही तिकडं टीव्हीकडं तोंड करून भांडत बसलो."

पण मामाजींनी डोळे पुसले ते डेबऱ्यासारखे बाजूला सरूनच. ते उभे राहिले, दुकानाच्या दारात जाऊन, समोर वांग्यांचा हिशेब करत उभ्या असलेल्या मोहल्ल्याला त्यांनी जाहीर सांगितलं, "रोडगे रद्द! ज्याले दिसत नाई त्या पंचाचा निकाल मी घेत नाई. डाक्टर डोये करून येईन, पुरी लढत पाह्यन, अन् मंग काय बोलाचं थे बोलन." लोक हिरमुसले, मग चिडले, आणि मग त्यांचा सगळा राग योग्य जागी गेला. पुढचे आठ दिवस डॉक्टरांना मोहल्ल्यात पाऊल टाकणं अशक्य झालं. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरची शाळेत जाणारी पोरगी, जो तो एकच विचारायचा, "डाक्टरसाहेब, ऑपरेशन कवा?" एका सुईच्या भीतीपायी माणूस सगळ्या मोहल्ल्याच्या पोटावर पाय देतो आहे, अशी भावना पसरली. डॉक्टरांना शेवटी हो म्हणावं लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी मामाजी खांद्यावर टॉवेल आणि हातात पाण्याची बाटली घेऊन दवाखान्यात हजर होते. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात कोपऱ्यात योद्ध्याचा घाम पुसणारा, कानात सल्ला देणारा माणूस असतो, ते काम आपलं आहे असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. डॉक्टरांना आत नेत होते तेव्हा त्यांनी त्यांची मान दोन्ही हातांनी धरली आणि सांगितलं, "आइका. आजपावतर मी तुमाले चुकवाचं शिकवलं. आज चुकवाचं नाई. गोऱ्ह्यासारखं समोर जायचं, डोकं हलवाचं नाई, अन् घ्यायचा." डॉक्टर भीतीनं पांढरे पडले होते तरी म्हणाले, "म्हनजे गोऱ्हाच भारी." नर्सला वाटलं, पेशंटला भूल आधीच चढली.

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा झाला, मामाजींनी स्वतःच्या हातानं चष्मा घडवला, आणि एका रविवारी सकाळी दुकानाचं अर्धं शटर उघडून ती बैठक बसली. मी होतो. बाहेर अख्खा मोहल्ला होता, पण कुणी आत आलं नाही. मामाजींनी डेबऱ्याची सगळ्यात गाजलेली लढत लावली आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून बसले. त्यांना लढत बघायची नव्हती. ते डॉक्टरांचे डोळे बघत होते. डॉक्टर पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला. एकदा त्यांचा हात नकळत वर गेला आणि मान जराशी बाजूला सरकली, अगदी डेबऱ्यासारखी. पहिली फेरी, दुसरी फेरी, सगळी लढत संपली. मग ते पाठीमागे टेकले.

"भाऊ," ते म्हणाले, "आता साफ दिसलं. हा मानूस लढून नाई राह्यला. पळून राह्यला."

मामाजी स्टुलावरून उठले ते नाचतच. "आइकलं काय? आइकलं काय? आले! आमचे डाक्टर वापस आले!" त्यांनी शटर वर ढकललं, बाहेरच्या लोकांना ओरडून सांगितलं, "येत्या शनवारी रोडगे!" किराणावाला गोंधळून म्हणाला, "पन मामाजी, तुम्ही त हरले ना!" मामाजी म्हणाले, "मंग काय झालं? मारुतीले मी समजावतो."

शनिवारी देवळामागच्या लिंबाखाली निखारे फुलले, रोडगे भाजले, आणि तुपाच्या वासानं सगळ्यांची बुद्धी बंद पडली. मामाजी दोन वांगी दोन मुठींत धरून पोराबाळांना डेबऱ्याचे हात कसे असत ते दाखवत फिरत होते. त्यांनी त्या दिवशी वजनाची पर्वा न करता तीन रोडगे खाल्ले. मी डॉक्टरांच्या शेजारी पंगतीत बसलो होतो. ते बराच वेळ मामाजींकडे बघत होते, नव्या चष्म्यातून, अगदी स्पष्ट. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जवाईबापू, डेबऱ्याच भारी हाये. बाप्पा, काय मानूस हाये! त्या दिवशी पह्यल्यांदा दिसला मले. इतके वर्सं मी उगाच बोलत होतो." मी थक्क होऊन म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी रोडग्याचा घास तुपात बुडवला. "त्याले सांगू नोका," ते म्हणाले. "सांगतलं त मंग आमी संध्याकाळी काय करू?"

पलीकडून मामाजी ओरडले, "काय सांगून राह्यले जवाई थे तुमाले?" मी म्हटलं, "म्हणतात, गोऱ्ह्यासारखा दुसरा होणे नाही." मामाजींचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

आता दोघंही थकत चालले आहेत. मामाजींचं वजन सत्तावन्नच्या बरंच खाली उतरलं आहे आणि त्यासाठी त्यांना काही करावं लागत नाही. ते म्हणतात, "बॅन्टमवेटमधी आलो." डॉक्टर गुडघ्यांमुळे कधी येतात, कधी येत नाहीत. ते आले नाहीत की मामाजी टीव्ही लावत नाहीत, नुसते दारात उभे राहून लोहाऱ्याकडून येणारा रस्ता बघतात. एक दिवस त्या दुकानात एकच खुर्ची उरेल, या विचारानं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी जमेल त्या संध्याकाळी तिसरा होऊन जाऊन बसतो. परवा डॉक्टर आले नव्हते. मामाजींनी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "जवाई, खरं सांगजा. तुमाले काय वाटते? डेबऱ्या का गोऱ्हा?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हटलं, "अजून ठरत नाही मामाजी. पुन्हा एकदा दाखवा बरं."

त्यांनी लगबगीनं टीव्ही लावला.